थांबली, लंगडली, किरकोळ: माझ्या गाडीची बारा वर्षं

गाडी घेऊन बारा वर्षं झाली, तेव्हा आता तिच्याबद्दल लिहायला हरकत नाही. नवी गाडी घेतल्यावर आठवडाभरात लिहिलेलं कौतुक मी वाचत नाही. बारशाला आलेल्या बायका बाळाचं करतात तसलं कौतुक असतं ते. नाक कोणावर गेलंय एवढंच कळतं, पोरगं पुढे काय दिवे लावणार ते नाही.

मी गुरांची डॉक्टर. पाटण तालुक्यात खासगी प्रॅक्टिस. मोरगिरी, ढेबेवाडी, तारळे, चाफळ, इकडे हेळवाक-कोयनानगर, आणि कधीमधी कुंभार्ली घाट उतरून खाली चिपळूणच्या बाजूला. २०१३च्या दसऱ्याला ही गाडी दारात आली. डिझेल, सात सीटची, चॅसिसवर बसवलेली बॉडी, ताकद मागच्या चाकांना, पाच गिअर. मागची सीट पहिल्याच महिन्यात काढून माळ्यावर टाकली. तिथे औषधांच्या पेट्या, सलाइनचे बॉक्स, गमबूट आणि वेताच्या अडचणीचे दोर असतात. आज काट्यावर २,३८,००० किलोमीटर आहेत.

गाडीचं नाव मी लिहिणार नाही. लाज वाटते म्हणून नाही. माझ्या पुण्याच्या दाजींनी हेच मॉडेल, हाच रंग, दोन महिन्यांनी घेतलं. त्यांची गाडी बारा वर्षांत ४६,००० किलोमीटर चालली आणि माझ्या गाडीपेक्षा जास्त वेळा बंद पडली. मग नाव घेऊन मी चांगलं म्हणू की वाईट?

दाजींच्या गाडीकडे वळण्याआधी माझी वही. लसीकरणाचं एक जुनं रजिस्टर रिकामं पडलं होतं, त्यात तीन रकाने पाडले. पहिला 'किरकोळ': काच वर जात नाही, डॅशबोर्ड खडखडतो, मागचा वायपर मेला. दुसरा 'लंगडली': काहीतरी बिघडलं, पण मला घेऊन घरी आली. तिसरा 'थांबली': मी रस्त्यात आणि गाडीही रस्त्यात. जनावराचंही मी असंच बघते. लंगडणारी गाय कळपामागून का होईना गोठ्यात येते. बसलेली गाय उठवायला चार माणसं लागतात. दोघींना 'आजारी' या एकाच शब्दात बसवलं तर उपचार चुकतो.

बारा वर्षांचा हिशेब असा: किरकोळ ६१, लंगडली ९, थांबली ३.

गाड्यांच्या भरवशाचे जे आकडे छापून येतात त्यांच्याशी माझं भांडण इथेच आहे. अमेरिकेतली जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारून दर १०० गाड्यांमागे किती अडचणी आल्या, तो आकडा काढते. पद्धत वाईट नाही. पण त्या बेरजेत फोन ब्लूटूथला जोडला जात नाही ही एक अडचण, आणि गिअरबॉक्स गेला ही पण एकच अडचण. अलीकडे तर पडद्याच्या, फोन जोडण्याच्या तक्रारीच सगळ्यात जास्त भरतात. आणि तीन वर्षं म्हणजे गाडीची कालवडच की. दुधाला ती कशी निघेल हे तेव्हा कुणाला कळलंय?

वासरांची मरतूक सगळ्यात जास्त पहिल्या काही महिन्यांत असते. ते दिवस निघाले की मधली वर्षं निवांत जातात, आणि मग म्हातारपणी एकेक सुरू होतं. माझी वही उघडलीत तर तसंच दिसेल. पहिल्या वर्षात किरकोळच्या १४ नोंदी: दाराचं रबर, पॉवर विंडोचं बटण, कुठलीशी क्लिप, एक डिझेलचा पाइप जो त्यांनी फुकट बदलून दिला. मग ८०,००० किलोमीटरपर्यंत पानंच्या पानं जवळजवळ कोरी. दीड लाखाच्या पुढे परत गर्दी. कोणी दोन वर्षांची गाडी दाखवून 'एक रुपया खर्च नाही' म्हणालं तर मी मान डोलावते. मधल्या वर्षांत कुणाचीच गाडी खर्च काढत नाही.

आता त्या तीन 'थांबली'.

पहिली २०१७च्या जुलैमधली. हेळवाकच्या पलीकडे एका वाडीवर म्हैस अडली होती. रात्रीचे साडेअकरा, आणि कोयनेचा पाऊस. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. फरशी पुलावरून गुडघाभर पाणी वाहत होतं. घातली गाडी. पलीकडे निघालेही. दोन किलोमीटरवर वायपर हळू पडायला लागले, मग दिवे पिवळे झाले, बॅटरीचा लाल दिवा लागला. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला होता. बॅटरीवर जेवढी जाईल तेवढी गेली आणि एका वळणावर शांत झाली. म्हशीचे मालक टॉर्च घेऊन मोटरसायकलवर आले. मी दोर आणि बॅग पोटाशी धरून मागे बसले. म्हशीला रेडी झाली, जिवंत. गाडी सकाळी ट्रॅक्टरला टोचन लावून आणली.

कराडचे आमचे मिस्त्री अल्टरनेटर उघडून म्हणाले, "मॅडम, पाण्यातनं गाडी घालायची आन् वर हिलाच शिव्या द्यायच्या, हे काय बरं न्हाय." आतून वाटीभर चिखल निघाला. म्हणजे दोष माझा. तरी नोंद 'थांबली'मध्येच केली, कारण अडलेल्या म्हशीला दोष कुणाचा हे विचारता येत नाही.

दुसरी २०१९ची, आणि ती गाडी अंगणात उभी असताना. सकाळी सेल्फ मारला तर नुसता टक् आवाज. उंदरांनी वायरिंगचा जाड गुच्छ कुरतडला होता. नवरा म्हणाला, हा गाडीचा बिघाड कसा? आमच्यात यावर पाऊण तास वाद झाला. शेवटी मी नोंद केली. खर्च साडेअकरा हजार. तेव्हापासून बॉनेटखाली तंबाखूच्या पानांची पुरचुंडी असते आणि रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवते, कारण उंदराला ऊब आणि अंधार दोन्ही लागतात. पुरचुंडीमुळे उंदीर येत नाहीत की मांजरामुळे, ते ठरलेलं नाही.

तिसरी १,८१,००० किलोमीटरला, चाफळच्या चढावर. क्लचचं पॅडल खाली जाऊन बसलं ते वर आलंच नाही. पॅडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचं सील गेलं होतं. यात मला स्वतःचाच राग आहे. आधी दोन आठवडे पॅडल मऊ लागत होतं, डबीतलं ऑइल कमी होत होतं, आणि मी वर ओतून पुढे जात होते. एखाद्या शेतकऱ्याने 'गाय दोन आठवडे खात नव्हती' म्हटलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. गिअरबॉक्स उतरवलाच होता म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं एकदमच बदललं. आधीची प्लेट ९४,०००ला बदललेली. घाटात आणि शेणाच्या बांधावर चालणाऱ्या गाडीला एवढं आयुष्य मला पुष्कळ वाटतं.

'लंगडली'च्या नवातली एकच सांगते. १,३८,०००ला कुंभार्ली घाट चढताना फस्स आवाज झाला आणि गाडीचा पिकअप गेला. काळा धूर, वेग तीसच्या वर जाईना. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो, इंटरकूलर ती हवा थंड करतो; त्या दोघांमधला रबरी होस क्लॅम्पपाशी फाटला होता. मी बॅगेतलं चिकट बँडेज काढलं, घोड्याच्या पायाला बांधतात तसं आठ-दहा वेढे देऊन वरून क्लॅम्प आवळला. पाटणपर्यंत आले. मिस्त्रींनी ते बँडेज सोडवताना एक शब्द काढला नाही, पण फोटो काढला.

इंजिन? आजवर उघडलेलं नाही. हेडसुद्धा नाही. पुनरावलोकन म्हणून एकच ओळ लिहायची झाली तर हीच लिहीन. बाकी सगळं बदलत राहता येतं. एसीची कूलिंग कॉइल एकदा, बॅटऱ्या चार, टायरचे चार सेट, खालचे आर्म, बुश आणि लिंक रॉड दोन वेळा, टर्बो एकदा रिकंडिशन. मागच्या दाराला खालून गंज आहे, सीटचं कापड फाटलंय. हे सगळं घालून बारा वर्षांत दुरुस्ती-देखभालीला पाच लाखांच्या आसपास गेले, म्हणजे किलोमीटरला दोन रुपयांच्या किंचित वर. डिझेलला त्याच्या तिप्पट गेलेत, अ‍ॅव्हरेज बारा. ज्यांना दुरुस्तीचा खर्च फार वाटतो त्यांनी एकदा पंपावरच्या पावत्यांची बेरीज करावी.

आता इंजेक्टरची, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नळ्यांची गोष्ट, कारण भरवसा म्हणजे फक्त गाडी नाही हे मला तिथे कळलं. १,६०,०००च्या सुमारास सकाळी गाडी मिसिंग करायला लागली, पांढरट धूर, स्टार्ट व्हायला उशीर. अधिकृत सर्व्हिस सेंटरने संगणक लावला आणि चारही इंजेक्टर व पंप बदला म्हणून १,१०,००० रुपयांचा अंदाज हातात दिला. मी गाडी तशीच मिस्त्रींकडे नेली. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं सारख्या चार बाटल्या हायत का?" माझ्याकडे बाटल्यांना काय तोटा! सलाइनच्या चार रिकाम्या बाटल्या दिल्या. चारही इंजेक्टरमधून परत फिरणारं डिझेल त्यांनी चार नळ्यांनी चार बाटल्यांत सोडलं आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवलं. दोन बाटल्या बोटभर भरल्या, दोन जवळजवळ अर्ध्या. ज्या इंजेक्टरमधून डिझेल जास्त परत येतं तो आतून झिजलेला. दोनच काढून डिझेल लॅबला पाठवले. खर्च २८,०००. पंपाला कुणी हातही लावला नाही. त्यालाही आता पाऊण लाख किलोमीटर होऊन गेले.

त्या दिवशी तो मिस्त्री नसता, तर माझ्या वहीत हीच गाडी लाखभराने महाग आणि 'बेभरवशाची' ठरली असती.

म्हणून कोणी मला विचारलं की कुठली गाडी घेऊ, तर मी आधी विचारते, तुमच्या तालुक्यात वडापाला, म्हणजे सीट भरून पळणाऱ्या खासगी वाहतुकीला, कुठली चालते? वडापवाला भावनेने गाडी घेत नाही. कमांडर जीप, ट्रॅक्स, मग सुमो, मग बोलेरो. वडापात दहा वर्षं टिकलेल्या गाडीचा पार्ट तालुक्याच्या दुकानात टांगलेला असतो आणि तो बसवणारा हात गल्लीत असतो. सुमो १९९४ साली आली, नावातली अक्षरं टाटांची टेल्को घडवणाऱ्या सुमंत मूळगावकरांची. मूळगावकर आपले, म्हणून हा उल्लेख. बोलेरो २००० सालापासून आहे. टोयोटाची लँड क्रूझर ७० तर १९८४ पासून थोड्याफार बदलांनी बनतेच आहे, आणि जगाच्या कोपऱ्यांत काम करणाऱ्या मदत संस्था तीच मागतात. जुनी रचना जुनाट असते, पण तिच्या खोडी सगळ्यांना पाठ असतात. अगदी नव्या मॉडेलच्या पहिल्या वर्षीची गाडी मी घेणार नाही. त्या खोडी शोधायचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं.

दाजींची गाडी. कोथरूड ते शिवाजीनगर, जाऊन-येऊन बारा-तेरा किलोमीटर, तेही आठवड्यातून तीनदा. बाकी बहुतेक वेळ झाकण घालून सोसायटीत. तिच्या बॅटऱ्या दर दोन-अडीच वर्षांनी बसतात. एकदा ब्रेकचा कॅलिपर जाम झाला, एकदा कूलंटचा पाइप तडकला, टायरच्या नक्ष्या शाबूत पण कडेला भेगा. दाजी म्हणतात, "एवढी कमी चालली तरी ही अशी!" अहो दाजी, कमी चालली म्हणूनच. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ते दर दोन वर्षांनी बदलावंच लागतं, गाडी उभी असली तरी. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मी दाजींना ते वाचून दाखवले तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले. गोठ्यात बांधून ठेवलेल्या बैलाचे खूर वाढतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते पुण्याचे आहेत.

नव्या डिझेल गाड्यांना तर ही उभं राहण्याची आणि छोट्या फेऱ्यांची सवय आणखीनच जड जाते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं, आणि त्याबरोबर धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ. ही काजळी भरली की गाडी ती स्वतः जाळते, पण त्यासाठी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावं लागतं. माझी एक मैत्रीण, तीही पशुवैद्य, घर ते दूधसंघ चार किलोमीटर. तिच्या नव्या गाडीत काजळी भरल्याचा दिवा सारखा लागायचा. एकदा तिने डिपस्टिक काढली तर ऑइलची पातळी खुणेच्या वर! ऑइल वाढतं कसं? काजळी जाळायला सोडलेलं जादा डिझेल, जळायचं अर्धवट राहिलं की, ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ करतं. गाडी वाईट नव्हती. चार किलोमीटरसाठी डिझेल घेणं चुकीचं होतं. आता ती रविवारी कोल्हापूरला जाऊन येते. म्हणते, गाडीला औषध.

जुनी घेणाऱ्यांसाठी थोडं, कारण मला बाजाराची सवय आहे. खरसुंडीच्या बाजारात खिलार बैल घ्यायला गेलेला माणूस मालकाच्या तोंडचं वय ऐकत नाही. बैलाचं तोंड उघडतो. आदत म्हणजे अजून दुधाच्याच दातांचा आहे, दुसा म्हणजे दोन पक्के दात आलेला आहे, चौसा म्हणजे चार आलेला, की सगळे येऊन जुळलेला, ते दात सांगतात. गाडीचे दात म्हणजे ब्रेक-क्लचच्या पॅडलचं रबर, स्टीअरिंगची गुळगुळीत झालेली वरची बाजू आणि ड्रायव्हरच्या सीटचा उजवा काठ. काटा ६०,००० दाखवतोय आणि पॅडलचं रबर लोखंडापर्यंत घासलंय, तर पुढे बोलू नका. सकाळी लवकर जा आणि आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर मालकाने काहीतरी लपवलंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढा. थोडी वाफ चालेल, भकाभका धूर नको. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन थंड असतानाच कूलंटच्या डबीत बघा: दगडी, म्हणजे कासेचा आजार, झालेल्या म्हशीच्या दुधासारखं काही दिसलं तर ऑइल आणि पाणी एक झालंय. तिथून चालायला लागा, चहासुद्धा घेऊ नका.

दिल्लीच्या गाड्यांचा मोह फार जणांना होतो. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलला बंदीचा आदेश निघाला होता, म्हणून इकडे स्वस्तात येऊ लागल्या. इंजिन चांगलं असूही शकतं. पण मी बघितलेल्या दोन्ही गाड्यांच्या वह्या नव्हत्या, आणि वहीशिवाय मी जनावरही घेत नाही.

आणि इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला-मिटायला टायमिंग बेल्ट आहे की चेन, एवढं विचाराच. बेल्ट असला तर शेवटचा कधी बदलला त्याची पावती मागा. तो तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि मग 'इंजिन उघडलेलं नाही' हे वाक्य संपतं. चेनला तसं नाही, पण ऑइल वेळेवर न बदलणाऱ्याची चेनही सैल पडतेच.

माझ्या गाडीचं पासिंग २०२८मध्ये संपतं. तेव्हा तपासणी करून पुढची पाच वर्षं मागायची असा विचार आहे. मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक आलं होतं. मी वही पुढे केली, त्याने ती न उघडताच पॅडलच्या रबराकडे पाहिलं. माणूस जाणता निघाला, पण भाव जमला नाही.

दोन दिवसांपासून साठच्या वेगाला डाव्या पुढच्या चाकातून हम्म असा आवाज येतोय. उजव्या वळणावर वाढतो, डाव्या वळणावर थांबतो, म्हणजे डावं बेअरिंग. तूर्त 'किरकोळ'मध्ये लिहिलंय, पेन्सिलीने. मिस्त्री म्हणाले, दिवाळीनंतर बघू. मी सोमवारची वेळ घेतली आहे.